पार्कमधली गाडी अन् दाराचा अडसर

वर्ध्यात एखादी गाडी वाटेत आडवी आली, की चार जण पुढे यायचे, गिअर न्यूट्रलला घ्यायचे आणि ‘हं, ढकला’ म्हणायचे. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपली हीच रीत! आता स्वयंचलित गिअरच्या गाड्या दारोदारी आल्या आणि ढकलणाऱ्यांची पंचाईत झाली.

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत शेजारच्या आजोबांसाठी रुग्णवाहिका आली. वाटेत एक गाडी उभी. गिअर ‘पी’वर, बॅटरी ठार. पारा ४५ अंशांवर गेला की बॅटऱ्याही माना टाकतात. सहा जणांनी जोर लावला, गाडी तसूभर हलेना. दांडाही जागचा सरकेना. शेवटी आजोबांना स्ट्रेचरवर कोपऱ्यापर्यंत न्यावे लागले.

असे का होते? ‘पी’मध्ये गिअरपेटीतल्या दातेरी चाकात एक लोखंडी दात अडकतो. वाड्याच्या दाराला अडसर असतो, तसाच हा. ब्रेक दाबल्याशिवाय तो निघू नये म्हणून दांड्याला विजेवर चालणारे कुलूप असते. वीज गेली, की कुलूप उघडत नाही.

पण बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ एक छोटी झाकणी असते. आधी हॅन्डब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, एकाने चालकाच्या जागी बसून ब्रेक दाबावा. मग झाकणी काढून आतली कळ किल्लीने किंवा पेचकसाने दाबून धरावी आणि दांडा ‘एन’वर घ्यावा. इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे ध्यानात ठेवूनच दगड काढावेत, हॅन्डब्रेक सोडावा आणि गाडी हळू ढकलावी. उतारावर हा उद्योग नकोच. बटणाने गिअर पडणाऱ्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. तिथे पुस्तिकाच पाहावी.

समृद्धी महामार्गावर गाडी बंद पडली, तर मात्र झाकणी शोधत बसू नये. आधी माणसे कठड्यापलीकडे न्यावीत, मग मदत मागवावी. तिथे गाड्या ताशी १२० किलोमीटरने येतात.

आज रविवार आहे. गाडी पुसता पुसता ती झाकणी घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. अडसर कुठून काढायचा, हे वाड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे.