इंजिन बदलताना : भाग 8 – अंगठ्याएवढा बुश

आज वायरिंग घेणार होतो. गाडी 'पार्क' किंवा 'न्यूट्रल'मध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा तो इटुकला स्विच, ऑटोमॅटिक बॉक्स उतरवल्यावर त्याच्या तारांचं काय करायचं, वगैरे. पण परभणीच्या एका वाचकांचं पत्र आलंय, आणि ते बाजूला ठेवून तारा जोडत बसणं मला जमेना. वायरिंग पुढच्या आठवड्यात.

त्यांच्याकडे इंजिन बदललेली जुनी जीप आहे. लिहितात : क्लच दाबला की कीं-कीं आवाज येतो, सोडला की बंद. मिस्त्री म्हणतो, रिलीज बेअरिंग गेलं. दोनदा बदललं, आवाज तसाच.

काका, तिसऱ्यांदा बदलू नका. आधी स्वतः कान लावा. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पाय पेडलवर नसताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते? मग दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. आता पेडल हलकेच दाबा, फक्त मोकळी चाल संपेपर्यंत. तिथेच आवाज सुरू झाला तर तुमचा मिस्त्री बरोबर. पण तिथे शांतता आणि पेडल तळाला नेऊन पहिला गिअर टाकल्यावर किंकाळी, असं असेल तर गुन्हेगार वेगळाच आहे. तो म्हणजे पायलट बुश. कुणी स्पिगॉट बुश म्हणतात.

क्रँकच्या मागच्या टोकाला मधोमध एक भोक असतं. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या शाफ्टचं निमुळतं नाक त्या भोकात शिरतं, आणि नाक व भोक यांच्यामध्ये हा अंगठ्याएवढा बुश बसतो. पुष्कळ छोट्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो नसतोच. आपल्या जीप, इम्पाला वगैरे मंडळींत असतो. गंमत अशी की गाडी धावत असताना त्याला काही काम नसतं. क्लच जुळलेला, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगानं फिरताहेत, बुश मध्ये नुसता बसून. क्लच दाबून गिअर टाकलात की शाफ्ट थांबतो, इंजिन फिरत राहतं, आणि सगळी घासाघास याच्या वाट्याला येते. नोकरी दिवसभराची, पण काम फक्त सिग्नलला!

मूळच्या ऑटोमॅटिक गाडीत हा बुश नसतो. त्या जागी टॉर्क कन्व्हर्टरची बोंडी बसते, आणि काही इंजिनांत तर क्रँकमधलं भोक पूर्ण मापाला आणलेलंही नसतं. इंजिन तेच ठेवून नुसता हाताचा गिअरबॉक्स लावणारे पहिली ठेच इथेच खातात.

आमच्या 1964च्या इम्पालाचं दुखणं वेगळं होतं. तिच्यात मद्रासच्या सिम्पसनचं पर्किन्स डिझेल इंजिन बसवायचं ठरल्यावर दोन गिअरचा पॉवरग्लाइड बॉक्स निरोप घेणार हे उघडच होतं. गिअर कधी बदलायचा हे तो थ्रॉटलवरून आणि वेगावरून ठरवायचा, आणि आतल्या तेलाचा दाब इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून. पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम डिझेलच्या मॅनिफोल्डात मिळत नाही. शिवाय पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्या सहज मारतं. पर्किन्स अडीच हजारांच्या आसपासच दमतं. म्हणून भंगारातून चार गिअरचा हाताचा बॉक्स आला. पण पर्किन्सचं भोक मोठं आणि बॉक्सचं नाक बारीक. दोन घराण्यांतली सोयरीक जुळवायची तर बुश नवा कातायला हवा.

तेव्हा उस्तादांकडे गेलो. हैदराबादेत पुतलीबावलीच्या आतल्या गल्लीत त्यांचा लेथ. सुलतान बाजाराला ते अखेरपर्यंत 'रेसिडेन्सी'च म्हणत. रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत जाऊन त्याचं नाव बदललं 1933मध्ये. उस्तादांच्या तोंडी मात्र जुनंच. त्यात आश्चर्य कसलं? पोटात पर्किन्स घालून आम्हीही गाडीला इम्पालाच म्हणत होतो.

आधी क्रँकच्या भोकातलं जुनं बेअरिंग काढायचं होतं. मागून पकडायला जागा नाही, पुढून ओढायला कडा नाही. उस्तादांनी पोराला पाव आणायला पिटाळलं. मला वाटलं, चहाबरोबर. त्यांनी पाव पाण्यात भिजवला, त्याचा लगदा बेअरिंगमागच्या पोकळीत ठासला, भोकात घट्ट बसेल असा रॉड लावला आणि हातोडा मारला. पुन्हा पाव, पुन्हा हातोडा. पावाला जायला दुसरी वाट नसल्यानं बेअरिंगच इंचाइंचानं बाहेर आलं. ग्रीसनंही हेच होतं, पण ग्रीस महाग आणि हात घाण, असं त्यांचं मत.

बुशसाठी त्यांनी सच्छिद्र कांस्याचा तुकडा निवडला. कांस्याची पूड दाबून, भाजून केलेला हा धातू आतून स्पंजासारखा असतो आणि तेल पिऊन राहतो. आतलं भोक कातताना टूल अगदी धारदार हवं. बोथट टूलनं छिद्रं लिंपली जातात आणि मग बुश कोरडाच मरतो. ग्रीसही त्याला चालत नाही, कारण तेही छिद्रं बुजवतं. कातून झाल्यावर उस्तादांनी बुशात इंजिन ऑइल भरलं, दोन्ही तोंडं दोन अंगठ्यांनी बंद केली आणि दाबलं. क्षणभर काही नाही. मग बुशच्या बाहेरच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब उमटले, कपाळावर घाम यावा तसे.

"पसीना आया ना साब? अब ये जीयेगा."

जगण्यासाठी एवढंच पुरत नाही, हे आम्ही नंतर शिकलो. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये जी जोडपट्टी बसते, तिची जाडी चुकली तर सगळं फसतं. पट्टी जाड झाली की नाक बुशापर्यंत पोचत नाही. पातळ झाली की नाक क्रँकच्या तळाला टेकतं, क्रँकला पुढे रेटतं आणि त्याचे थ्रस्ट वॉशर खातं. दुसरी गोष्ट मध्याची. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हातानं फिरवायचा आणि बेलहाउसिंगचं भोक मापायचं. डायल दहा थाउ दाखवत असेल तर खरा सरक त्याच्या निम्मा, म्हणजे पाच. साधारण तिथपर्यंतच माफी. पाच थाउ म्हणजे 0.13 मिलिमीटर, वहीच्या कागदाहून जरा जाड! मध्य जुळला की मगच डॉवेलची भोकं पाडायची. आधी भोकं पाडून मागून मध्य शोधणाऱ्यांच्या गाड्या सहा महिन्यांत कीं-कीं करायला लागतात.

परभणीकर, तुमच्या जीपची ओरड पहिल्या गिअरमध्येच येत असेल तर मिस्त्रीला नवा बुश मागण्याआधी डायल गेज मागा. मध्य सरकलेला असेल तर नवा बुशही जुन्याच्याच वाटेनं जाईल. आणि इंजिन आरसी बुकावर चढलंय ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52वर भाग 3मध्ये पुरेसं रडून झालंय.

इम्पाला घेऊन पहिल्यांदा कोठीच्या चौकात थांबलो तेव्हा उस्ताद शेजारी होते. सिग्नल लाल, माझा पाय क्लचवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये. त्यांनी काही न बोलता गिअरचा दांडा न्यूट्रलला आणला आणि माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"पैर उठाओ साब. उसकू बी आराम होना."

आता चौकावरून मेट्रो जाते, सिग्नल आणखी लांबलेत. हात मात्र अजून आपोआप न्यूट्रलकडे जातो.