अठराव्या वर्षीचा मतदार आणि परिपक्वतेचा प्रश्न

नवी दिल्ली : देशाचा पंतप्रधान कोण असावा हे ठरविण्याइतकी समज अठराव्या वर्षी येते, मात्र विधानसभेची एक जागा लढविण्याइतकी समज यायला पंचविशी उजाडावी लागते, असे आपली व्यवस्था मानते. या विसंगतीवर ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या विधि व न्यायविषयक स्थायी समितीने बोट ठेवले. निवडणूक लढविण्याची किमान वयोमर्यादाही अठरावर आणावी, अशी शिफारस समितीने केली. निवडणूक आयोगाला मात्र ती मानवली नाही. इतक्या लहान वयात ही जबाबदारी पेलण्याइतका अनुभव आणि परिपक्वता असेल अशी अपेक्षा बाळगणे वास्तवाला धरून नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. शिफारस कागदावरच राहिली. पण ‘परिपक्वता’ हा शब्द यानिमित्ताने पुन्हा चर्चेत आला, आणि तो आला की संशयाची सुई उमेदवारावर थांबत नाही, तरुण मतदारापर्यंत जातेच.

हा शब्द भारतीय राजकारणाला नवा नाही. १९३५ च्या कायद्याने मताधिकार दिला, तोही मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्या अटी घालून. बहुसंख्य प्रौढ भारतीय त्यामुळे मतदानाबाहेर राहिले. निरक्षर, निर्धन माणसाला मताचे मोल काय कळणार, हा त्यामागचा युक्तिवाद होता. त्याआधीच, १९२८ मध्ये, सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली होती. स्वातंत्र्यानंतर घटनाकारांनी तीच वाट धरली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते आणि देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. उमेदवाराचे नाव वाचता न येणाऱ्या मतदाराने चिन्ह ओळखून मत दिले. त्या जुगाराची त्या वेळी अनेकांनी धास्ती घेतली होती. परंतु मतदाराने ती खोटी ठरविली. घटनेच्या कलम ३२६ मध्ये शहाणपणाची कसोटी नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यात वय आहे आणि अपात्रतेची मोजकी कारणे आहेत, एवढेच.

मुळात हे वय एकवीस होते. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने नेमलेल्या न्या. वि. म. तारकुंडे समितीने सत्तरच्या दशकात ते अठरावर आणण्याची सूचना केली. ती प्रत्यक्षात आणली राजीव गांधी सरकारने. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती संमत केली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. आजचा तरुण साक्षर, जागरूक आणि राजकीयदृष्ट्या सजग आहे, अशी ग्वाही विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच देण्यात आली होती. कृतज्ञ तरुणांची गठ्ठा मते आपल्या पदरात पडतील, हा हिशेबही सत्ताधाऱ्यांच्या मनात नसेलच असे नाही. प्रत्यक्षात १९८४ मध्ये चारशेचा आकडा ओलांडणारी काँग्रेस १९८९ मध्ये १९७ जागांवर आली. या पराभवाचे श्रेय केवळ नवमतदारांना देता येणार नाही. परंतु ज्याने मताधिकार दिला त्यालाच मत द्यायचे, असा उपकारफेडीचा व्यवहार तरुणांनी केला नाही, एवढे निश्चित. याला अपरिपक्वता म्हणता येईल काय?

तरुण भावनेच्या भरात मत देतात, जातीच्या हाकेला ओ देतात, मोबाइलवरील खोट्या मजकुराला भुलतात, हे आक्षेप निराधार नाहीत. प्रश्न एवढाच की यातला कोणता दोष चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मतदारात आढळत नाही? जातीची गणिते मांडणारे, मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे वाटणारे आणि ती घेणारे सगळेच काही अठरा-एकोणीस वर्षांचे नसतात. दिल्लीतील ‘सीएसडीएस’ या संस्थेच्या अभ्यासांतूनही हेच पुढे आले आहे की, भारतातील तरुण हा एकगठ्ठा मतदार नाही. जात, वर्ग, प्रदेश यांच्या रेषांवर तो आपल्या वडीलधाऱ्यांप्रमाणेच विभागलेला असतो. गुण म्हणा वा दोष, तो घरातूनच आलेला आहे.

कायद्याचे वयही एक नाही. सतराव्या वर्षानंतर सहा महिन्यांनी अग्निवीर म्हणून लष्करात भरती होता येते. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार घृणास्पद गुन्ह्यासाठी सोळा वर्षांच्या मुलावरही प्रौढासारखा खटला चालू शकतो. करार अठराव्या वर्षी करता येतो, तर मुलाला लग्नासाठी एकवीस वर्षे थांबावे लागते. पंचायतीची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढविता येते, लोकसभेची पंचविसाव्या आणि राज्यसभेची तिसाव्या. शिक्षा भोगण्यास आणि सीमेवर उभे राहण्यास जो पुरेसा मोठा आहे, तो कारभारात सहभागी होण्याची वेळ येताच लहान ठरतो.

खरी चिंता वेगळीच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी अठरा-एकोणीस वयोगटातील नोंदणीकृत मतदार सुमारे १ कोटी ८० लाख होते. या वयाच्या लोकसंख्येच्या अंदाजाशी हा आकडा ताडून पाहिला तर चाळीस टक्क्यांहूनही कमी तरुणांची नावे यादीत होती. खुद्द राजधानीत आणि शेजारच्या उत्तर प्रदेशात, तसेच बिहारमध्ये हे प्रमाण त्याहूनही बरेच खाली होते. मुखर्जीनगरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाचे नाव गावाकडच्या यादीत असले, तरी मतदानाच्या दिवशी गाडीभाडे आणि दोन-तीन दिवस खर्चून तो जाणार कसा? वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदविण्याची सोय आहे, पण ती ठाऊक किती जणांना? स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. नोंदणीसाठी वर्षातून चार पात्रता तारखा ठरविण्याची सुधारणा मात्र स्वागतार्ह आहे.

दुसरी उणीव सरावाची आहे. विद्यार्थी निवडणुकांतील पैसा आणि दंडेली रोखण्यासाठी लिंगडोह समितीने घालून दिलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केले. उद्देश निवडणुका सुधारण्याचा होता. अनेक ठिकाणी त्या होतच नाहीत. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात बंद पडलेल्या खुल्या महाविद्यालयीन निवडणुकांना २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने पुन्हा वाट करून दिली. पण त्या घेण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला झाले नाही. वर्गप्रतिनिधी निवडण्याचीही संधी द्यायची नाही आणि नंतर तरुणांना राजकारण कळत नाही म्हणून नाक मुरडायचे, हा न्याय नव्हे.

परिपक्वता ही मतपेटीपाशी दाखवायची प्रवेशपत्रिका नाही. चुकीचे मत देऊन, पाच वर्षे त्याची किंमत मोजून आणि पुढच्या वेळी ते बदलूनच ती येते. १९५२ च्या निरक्षर मतदाराला देशाने ही संधी दिली होती. त्याच्या पणतवंडाला ती हक्काने मिळाली आहे. त्याचे नाव मतदारयादीत आणण्याचे काम मात्र अजून अर्ध्यावरच आहे.