विहिरीच्या पाण्याचे वय

बारामती व इंदापूर तालुक्यांत पाण्याची दोन निराळी चित्रे दिसतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्षेत्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पाणी मुरत आले असून काही जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. उलट सुपे-मोरगावकडील जिरायत भागात विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात व विंधन विहिरी अधिकाधिक खोल न्याव्या लागतात. खोल भेगेत पाणी लागले म्हणजे आनंद होतो. परंतु ते दरवर्षी भरून येणारे आहे, की फार पूर्वी साठलेले? पहिले असल्यास ते व्याज होय, दुसरे असल्यास मुद्दल. याचे उत्तर पाण्याच्या वयावरून मिळू शकते.

पाण्यातील घड्याळ

विश्वकिरणांमुळे हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन सतत तयार होत असतो. पावसाचे पाणी पिकांच्या मुळांजवळून झिरपताना मातीतील कर्बवायू विरघळवून घेते आणि त्याबरोबर हा कार्बनही खाली जातो. पाणी खडकात शिरून हवेशी त्याचा संबंध तुटला की नवी भर थांबते. मग दर ५,७३० वर्षांनी त्यातील कार्बन-१४ निम्मा होतो. किती उरला हे कळले की वयाचा अंदाज बांधता येतो.

अडचण मोजण्याची आहे. ताज्या कार्बनातही सुमारे एक लाख कोटी अणूंमागे कार्बन-१४ चा एकच अणू असतो. सुमारे तीन लाख क्विंटल ज्वारीच्या राशीत काणीचा एकच दाणा शोधावा, तसे हे काम आहे.

उपणणीसारखी निवड

जुन्या पद्धतीत अणू फुटण्याची वाट पाहावी लागे. एक मिलिग्रॅम कार्बनात असे सुमारे सहा कोटी अणू असतात. पण तासाला सरासरी एकही फुटत नाही. म्हणून नमुन्यासाठी पिंपेच्या पिंपे पाणी लागे. १९७७ पासून पुढे आलेल्या ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीत वाट न पाहता अणूच मोजतात. त्यामुळे लिटरभर पाणीही पुरते.

पाण्यातील कार्बनापासून ग्रॅफाइट बनवून त्यातून ऋणभारित कण काढतात. जवळजवळ त्याच वजनाचा नायट्रोजन टिकाऊ ऋणकण बनवीत नाही, म्हणून तो येथेच गळतो. पुढे विजेच्या प्रचंड दाबाने कणांना वेग देतात आणि विरळ वायूतून किंवा पातळ पापुद्र्यातून नेतात. तेथे सारख्या वजनाचे रेणू मोडतात. उपणताना भुसा दूर उडतो व दाणा जवळ पडतो, त्याप्रमाणे चुंबकाजवळ हलका कण अधिक वळतो, जड कण कमी. शेवटी निवडलेले कण एकेक करून मोजले जातात. अशी यंत्रे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये व अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत.

निष्कर्ष काढताना दक्षता

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते. तिच्यातील जुना कार्बन पाण्यात मिसळला तर पाणी आहे त्याहून म्हातारे भासते. म्हणून हिशेबात दुरुस्ती करावी लागते. अनेक भेगांचे पाणी एकत्र ओढणाऱ्या विंधन विहिरीचे वय सरमिसळ निघते. तरुण पाणी ओळखण्यास ट्रिटियम उपयोगी पडते. मात्र पाणी तरुण ठरले म्हणजे ते मुबलक आहे, असे नव्हे. पुणे जिल्ह्यातीलच कुकडी खोऱ्यात ट्रिटियमच्या साहाय्याने केलेल्या व १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पावसाचा एक दशांशाहूनही कमी भाग भूजलात जातो असे आढळले.

गावात काय करावे?

ही तपासणी प्रत्येक विहिरीसाठी करण्याजोगी नाही. परंतु तिचा बोध प्रत्येकास उपयोगी आहे.

१. मे अखेर व ऑक्टोबरमध्ये विहिरीची पातळी मोजून वहीत नोंदवावी. चांगल्या पावसानंतरही पातळी पूर्ववत होत नसेल, तर मुद्दल खर्च होत आहे असे समजावे.

२. विंधन विहिरीची खोली, पाणी लागलेल्या भेगा व केसिंग पाइपची लांबी लिहून ठेवावी. पुढे शास्त्रज्ञ नमुना घेण्यास आले, तर या नोंदींवाचून वयाचा अर्थ लागणार नाही.

३. बांधबंदिस्ती, समतल मशागत व नालाबांध यांनी पाणी मुरवावे. पीक ठरवताना पावसाळ्यानंतरची पातळी पाहावी आणि उसास ठिबक सिंचन द्यावे.

४. कालव्याखालील विहिरीचे पाणी वापरात ठेवावे व चर काढून निचरा करावा.

हजारो वर्षे साठलेले पाणी पंप काही हंगामांत उपसू शकतो. ते परत भरण्यास पावसाला किती काळ लागेल, याचा विचार नवा बोअर घेण्यापूर्वी करावा.