शेवटच्या कोऱ्या पानावर

18 डिसेंबर 2024 ला टपाल खात्याच्या संगणकातून ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ हा पर्याय गायब झाला. ना जाहिरात, ना चर्चा. पाच किलोपर्यंतची पुस्तकं 80 रुपयांच्या आसपास देशात कुठेही, अंतर न बघता पोचवणारी ही सेवा होती. पुण्यात छापलेलं पुस्तक कोथरूडला जावो की गडचिरोलीला, पैसे तेवढेच. छोट्या प्रकाशकांनी आरडाओरडा केला, काही वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, आणि वाचनसंस्कृतीच्या नावाने बारा महिने गळा काढणाऱ्या आपल्या व्यासपीठांवर कुणी हूं की चूं केलं नाही. नुकताच ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला होता. सत्कार चालू होते.

माझा संताप जरा खासगी आहे. 1985 ते 1995 या काळात मी जे काही वाचलं, त्यातलं बरंचसं तपकिरी कागदात, सुतळीने बांधलेलं, बुक पोस्टाने माझ्या दारात आलं. त्याआधीचं फारसं सांगण्यासारखं नाही. सत्तरच्या दशकात वाचन म्हणजे वडिलांच्या नावावरचं वाचनालयाचं कार्ड आणि ‘मृत्युंजय’साठी लावलेला नंबर. 1982 मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडलं तेव्हा आमच्या घरी दोन दिवस सुतक असल्यासारखे गेले. वडील जुने वर्गणीदार होते; वाचकही होते का, याबद्दल आईला शेवटपर्यंत शंका होती.

मग नोकरी लागली आणि मी नाशिकला आले. कॉलेजातली मैत्रीण लग्न होऊन सांगलीत. तिचे मामा इंदूरला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माझी मामेबहीण बडोद्याला. आणि कुणाच्या तरी ओळखीने आत आलेले एक प्राध्यापक नागपूरला. पुस्तकं विकत घेणं आम्हाला जड जायचं, हे आज सांगितलं की घरातली मुलं हसतात. पण नवी कादंबरी घ्यायची तर महिन्याच्या हिशेबात ती बसवावी लागायची, आणि वाचनालयात ती येऊन आपला नंबर लागेपर्यंत लोकांनी शेवट सांगून टाकलेला असायचा. त्यावर तोडगा निघाला तो असा, की पाच जणांनी पाळीपाळीने एकेक पुस्तक घ्यायचं आणि पाच गावांतून फिरवायचं.

नियम मामांनी घालून दिले. कालव्याला पाळीचं पाणी सोडायची सवय असलेला माणूस. एकेकाला तीन आठवडे. ज्याने पुस्तक विकत घेतलं त्याने सगळ्यात शेवटी वाचायचं, म्हणजे ते परत येतंय की नाही यावर कुणाचा तरी डोळा राहतो. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपलं मत लिहायचं आणि खाली गावाचं नाव. दुसऱ्याचं मत स्वतःचं वाचन संपेपर्यंत बघायचं नाही. हा शेवटचा नियम कुणीही पाळला नाही.

पुस्तकातच लिहायचं, कारण बुक पोस्टात पत्र घालायला परवानगी नव्हती. पुडक्याची टोकं उघडी ठेवायची, गाठ अशी मारायची की पोस्टातल्या माणसाला ती सोडून आत बघता यावं. आत फक्त छापील मजकूर. पेन्सिलीने लिहिलेलं टिपण हे पत्र होतं की पुस्तकाचाच भाग, हा प्रश्न आम्ही मुद्दामच कुणाला विचारला नाही. पोचपावतीसाठी 15 पैशांचं पोस्टकार्ड होतंच.

नाशिकच्या पोस्टात एक कारकून होते, लातूरकडचे. पुडकं वजनाला टाकण्याआधी उघड्या टोकातून नाव वाचायचे. एकदा त्यांनी गाठ सोडली, शेवटचं पान काढलं आणि उभ्याउभ्या सगळं वाचून काढलं. मला वाटलं, आता जास्तीचं तिकीट लागणार. त्यांनी विचारलं, “हे फिरून आलं की मला द्याल का चार दिवस?” ते पुस्तक लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ होतं, 1987 मध्ये आलेलं. फिरून आल्यावर मी दिलं. चार दिवसांनी पुस्तक परत मिळालं ते आमच्या पाच टिपणांखाली सहावं टिपण घेऊन: “आमच्या भागातलं आहे. तुम्ही सर्वांनी भाषेबद्दल लिहिलं. पोलिसांबद्दल कोणीच नाही.” वर खरोखरच तेच होतं. कुणाला बोलीचा रांगडेपणा भावला होता, कुणाला शिव्या जास्त वाटल्या होत्या, प्राध्यापकांनी आत्मकथन आणि आत्मचरित्र यांतला भेद समजावून सांगितला होता. नुसत्या संशयावरून माणसाला उचलून नेऊन मारतात, यावर पाचही सुशिक्षित घरांत एक ओळ सुचली नव्हती. मी ते पान सांगलीच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, तिने मामांना कळवलं, आणि त्यानंतर ते कारकून आमच्यातले सहावे झाले. वर्गणी घ्यायला मामांनी मनाई केली.

सगळ्यात भरलेलं पान ‘आहे मनोहर तरी’चं. 1990 मध्ये ते आलं आणि महाराष्ट्रातली घरं दोन तटांत विभागली गेली. सुनीताबाई देशपांड्यांनी नवऱ्याबद्दल, पु. लं.बद्दल असं लिहावं का, यावर लग्नाच्या पंगतीत वाद व्हायचे. आमच्यात तीन आठवडे दम धरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून दोन प्रती घेतल्या, दोन दिशांनी सोडल्या. सांगलीमार्गे आलेली प्रत बरीच वर्षं माझ्याकडे होती. मामांचं वळणदार अक्षर: “घरची धुणी रस्त्यावर वाळत घालू नयेत. इंदूर.” त्याखाली सांगलीची तिरपी ओळ: “घरात ऊनच येत नसेल तर कुठं घालायची, मामा?” बडोद्याच्या मामेबहिणीने दोघांनाही बाजूला सारून लिहिलं होतं की पु. ल. या पुस्तकात फारसे नाहीतच, हे एका बाईने स्वतःशी मांडलेलं भांडण आहे आणि आपण सगळे भिंतीला कान लावून बसलोय. पान पुरलं नाही, म्हणून मामांचं उत्तर मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला गेलं. एवढ्या तावातावाचं परीक्षण मी तेव्हाच्या एकाही नियतकालिकात वाचलं नाही, आणि मी ‘ललित’ न चुकता घेत होते.

वाद व्हायचे, कारण पुस्तक सुचवण्यात जोखीम होती. तुम्ही एखादं पुस्तक डोक्यावर घेतलंत, की चार माणसांचे तीन-तीन आठवडे आणि टपालखर्च तुमच्या शब्दावर खर्ची पडायचा. बडोद्याने एकदा एका भुताटकीच्या कादंबरीची भलामण केली. ती बिचारी पुढे वर्षानुवर्षं टोमणे ऐकत होती. त्यामुळे “छान आहे” असं नुसतं कुणी लिहायचं नाही. काय छान आहे, कुठल्या पानावर, आणि कुठे झोप लागली, हे सांगावं लागायचं. वपुंचं ‘पार्टनर’ फिरवायला काढलं तेव्हा सांगलीने ते दोनदा वाचलं आणि तसं लिहिलं. प्राध्यापकांनी त्यावर शेरा मारला की वपु वाचणाऱ्यांनी शेवटच्या पानावर जागा अडवू नये.

या प्राध्यापकांचं थोडं देणं आहे, ते आता देऊन टाकते. एक नवा कथासंग्रह क्रमाने पहिला त्यांच्याकडे गेला. तिथून तो इंदूरला गेला तो अर्ध्या पानाच्या अभिप्रायासह: लेखकाची जाणीव, आशयाचं विघटन, शेवटच्या कथांत येणारं शैथिल्य वगैरे. त्याखाली मामांची एकच ओळ: “पाने 113 ते 128 एकमेकांस जुळलेली होती. मी सुरीने कापली.” बाइंडरकडून त्या फॉर्माची कड कापायची राहिली होती. शेवटच्या कथा त्याच फॉर्मात होत्या. प्राध्यापकांनी पुढे साहित्यसंमेलनात समीक्षेवर भाषण केलं, मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं.

दुसरं देणं एका प्रकाशकाकडे आहे, नाव घेत नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत तीन खंडांचे पैसे आम्ही पाच जणांनी मिळून भरले. दोन खंड आले. तिसऱ्याबद्दल विचारलं की “छपाईत आहे” असं उत्तर यायचं. मामा गेले तेव्हाही तो छपाईतच होता. त्या काळी अशा योजनांवर वाचक डोळे मिटून पैसे भरायचे याला कारण ‘ग्रंथाली’. सत्तरीच्या मध्याला दिनकर गांगल आणि मंडळींनी वाचकालाच सभासद करून घेतलं, ‘बलुतं’, ‘उपरा’ यांसारखी पुस्तकं काढून पुस्तकांच्या यात्रा गावोगाव नेल्या. तो विश्वास इतरांनीही वटवला, काहींनी तर फक्त वटवलाच.

हे सगळं मोडलं कशामुळे, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे केबल टीव्ही. मला ते पटत नाही. केबल आल्यावरही धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ आमच्यात फिरली, आणि त्यावर मामांनी, आयुष्यभर धरणं आणि कालवे केलेल्या माणसाने, जे लिहिलं ते वाचून सांगलीने त्यांना पहिल्यांदा ट्रंककॉल केला. आमचा फेरा मोडला पैशाने. पगार वाढले. पाचव्या वेतन आयोगानंतर तर प्राध्यापकांनी पुस्तकांसाठी काचेचं कपाट केलं. ज्याला त्याला आपापली प्रत परवडू लागली, मग दुसऱ्याच्या प्रतीची वाट कोण बघणार? एकच पुस्तक पाचही घरांत एकाच महिन्यात आलं आणि त्यावर कुणी कुणाला काही लिहिलं नाही. मामांची दृष्टी गेली, कारकुनांची बदली झाली. बंद करूया असं कुणी म्हणालंच नाही.

पुढची पंधरा वर्षं मी झरझर उलटते. यशाची सूत्रं सांगणाऱ्या अनुवादांचे ढीग, मंगल कार्यालयातली सवलतीची प्रदर्शनं, आणि वजनावर पुस्तकं विकणारे मांडव. 2010 मध्ये नेमाड्यांची ‘हिंदू’ आली तेव्हा आठवडाभर तरी सगळे एकच पुस्तक उघडून बसलेत असं वाटलं; मग कळलं की बरेच जण पन्नासाव्या पानावर थांबलेत आणि मत मात्र पूर्ण आहे. आमच्या नाशिकमध्ये 2009 पासून कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना विनायक रानडे चालवतात. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे जाते, दुबईपर्यंत गेली. त्या पेटीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. मी आयुष्यात कमी वेळा कुणाला मनापासून शाबासकी दिली, त्यातली ती एक.

तक्रार आहे ती फोनवर रोज सकाळी येणाऱ्या मुखपृष्ठांबद्दल. पुस्तक, शेजारी कॉफीचा कप, वर चष्मा, खाली “सध्या वाचतेय”. तीन दिवसांनी “अप्रतिम! नक्की वाचा. संग्रही असावं असं.” त्याखाली अंगठे. माझी भाची अशा एका गटात आहे, सत्तर-ऐंशी माणसं, आणि तिथे गेल्या वर्षभरात एकाही पुस्तकाला कुणी वाईट म्हटलेलं नाही. मी एकदा एका गाजलेल्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल लिहिलं की लढाईच्या प्रकरणात लेखकाला नकाशा कळलेला नाही. तासाभरात गटप्रमुखांचा निरोप आला की इथे सकारात्मक वातावरण ठेवूया. डिसेंबर आला की याद्या सुरू होतात: या वर्षी शंभर पुस्तकं, माझी एकशे वीस. कुणी विचारत नाही की शंभरातली टाकून किती दिली. वाचलेलं दुसऱ्याच्या हातात ठेवायचं नसेल, टपालाला पैसे पडणार नसतील, उद्या कुणी जाब विचारणार नसेल, तर सगळीच पुस्तकं अप्रतिम असायला हरकत काय?

बंगळूरच्या कब्बन पार्कात सुरू झालेली एकत्र बसून मूकपणे वाचायची टूम आता इतर शहरांतही पोचली आहे. भाची हौसेने मला घेऊन गेली. तरुण पोरं झाडाखाली चटया टाकून दोन तास खरोखर वाचत होती, हे कौतुकाचं आहे आणि ते मी तिथेच सांगितलं. मग सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरून फोटो काढला आणि आपापल्या गाड्या काढल्या. शेजारच्या मुलाला विचारलं, कसं होतं? तो म्हणाला, “मस्त शांत वाटलं.” मी पुस्तकाबद्दल विचारत होते.

फेऱ्यातली जुनी पुस्तकं सांगलीकडे ठेवायला दिली होती, कारण तिचं घर मोठं. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी तळमजल्यावर आलं. त्याच पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, त्यापुढे आमची दोन कपाटं काहीच नाहीत. पेन्सिलीची अक्षरं पाण्याने पुसत नाहीत, पण पानांचा लगदा झाला होता. ‘उचल्या’ तेवढं वाचलं, कारण ते ती वरच्या खोलीत पुन्हा वाचत होती.

आता आम्ही तिघी उरलो आहोत, सांगली, बडोदे आणि मी. बुक पोस्ट बंद झाल्याचा राग म्हणून मी कुरिअरचे पैसे भरून श्याम मनोहरांचं ‘कळ’ बडोद्याला धाडलं, सोबत पेन्सिल. तिने साठाव्या पानावर सोडलं. शेवटच्या पानावर लिहिलं, “यात गोष्ट कुठे आहे? मला या वयात कोडी सोडवायची नाहीत. बडोदे.” आणि पुस्तक माझ्याकडे न पाठवता परस्पर सांगलीला. परवा सांगलीचा फोन आला. ती ऐंशीव्या पानावर आहे आणि बडोद्याच्या बाजूने बोलत होती. मी तिला सांगितलं, पूर्ण कर आणि मग तोंड उघड. तिने फोन ठेवला. दोघींचंही चुकतंय.