सागाचा ओंडका, बंडी आणि परिबलांचा समतोल

दृढ पदार्थावरील सर्व प्रेरणांची सदिश बेरीज शून्य झाली म्हणजे तो समतोलात असतो, असे विधान पदवीधर विद्यार्थ्यांच्याही लेखनात आढळते. हे विधान अपुरे आहे. अशा पदार्थाचा गुरुत्वमध्य स्थिर राहील, परंतु पदार्थ स्वतःभोवती फिरू लागण्यास कोणतीही आडकाठी नसते. कोणत्याही एका बिंदूभोवती घेतलेल्या परिबलांची बेरीजही शून्य असली पाहिजे. क्रमिक पुस्तके हे तत्त्व भिंतीला टेकलेल्या शिडीवर शिकवितात. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत त्याची अधिक बोलकी उदाहरणे मिळतात.

आलापल्लीच्या वनातील सागाचा ६ मीटर लांबीचा एक ओंडका विचारात घ्यावा. त्याच्या बुडाचा व्यास ५० व शेंड्याचा ३० सेंटिमीटर मानल्यास घनफळ सुमारे ०.७७ घनमीटर भरते. वाळलेल्या सागाची घनता दर घनमीटरला ६५० किलोग्रॅम धरली, तर भार सुमारे ५०० किलोग्रॅम होतो. ओंडका निमुळता असल्यामुळे गुरुत्वमध्य लांबीच्या मध्यावर नसून बुडापासून २.५१ मीटरवर, म्हणजे मध्यापासून ४९ सेंटिमीटर बुडाकडे असतो. दोन्ही टोके उचलून धरणाऱ्यांपैकी शेंड्याकडच्यांवर २०९ आणि बुडाकडच्यांवर २९१ किलोग्रॅम भार येतो. ही संख्या काढताना परिबले एका टोकाभोवती घ्यावीत. त्या टोकावरील अज्ञात प्रेरणेची भुजा शून्य होऊन ती समीकरणातून आपोआप गळते. बिंदूची निवड ऐच्छिक आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्या स्वातंत्र्याचा उपयोग मात्र थोडेच करतात.

गडचिरोली जिल्ह्यातील कमलापूर येथे वनविभागाचे हत्ती-केंद्र आहे. तेथील हत्तींकडून पूर्वी लाकूड ओढून घेतले जाई. ओंडक्याचे एक टोक किंचित उचलून दुसरे जमिनीवर फरफटत न्यावयाचे असेल, तर कोणते टोक उचलावे? शेंडा उचलण्यास २०९ किलोग्रॅम पुरतात, पण मग २९१ किलोग्रॅमची प्रतिक्रिया जमिनीवर राहते आणि घर्षण त्या प्रमाणात वाढते. बूड उचलल्यास उलट घडते. उचलणे आणि ओढणे या दोन श्रमांचे हित येथे परस्परविरोधी आहे.

खरी परीक्षा बैलबंडीची. प्रेरणाचित्र काढताना प्रथम चाके वेगळी काढून केवळ सांगाडा व ओंडका यांचाच एक पदार्थ मानावा आणि त्यावरील बाह्य प्रेरणाच दाखवाव्यात. चाके आसावर मोकळी फिरत असतील व बैलांच्या ओढीची रेषा आसातून जात असेल, तर आसाभोवती केवळ तीन परिबले उरतात : ओंडक्याच्या भाराचे, सांगाड्याच्या भाराचे आणि जुवाच्या प्रतिक्रियेचे. जू आसापुढे ३ मीटरवर आहे, सांगाड्याचा ६० किलोग्रॅम भार आसापुढे अर्ध्या मीटरवर आहे आणि ओंडक्याचा गुरुत्वमध्य आसापुढे १२ सेंटिमीटरवर आहे असे समजल्यास, सपाट रस्त्यावर जुवावर ३० किलोग्रॅम भार पडतो. दोन बैलांना तो सहज पेलतो.

आता ओंडक्याच्या गुरुत्वमध्याऐवजी त्याच्या लांबीचा मध्यच आसापुढे १२ सेंटिमीटरवर ठेवला असे समजावे. बूड पुढे असेल, तर जुवावर सुमारे ११२ किलोग्रॅम भार येतो आणि बैलांच्या माना दबतात. बूड मागे असेल, तर उत्तर ऋण येते : जू सुमारे ५२ किलोग्रॅमच्या प्रेरणेने वर उचलले जाते व बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळला जातो. यालाच गाडी उलाळ होणे म्हणतात. ऋण चिन्ह पाहून गणित चुकले असे समजून ते खोडणारा विद्यार्थी नेमका निष्कर्षच खोडतो.

चढावर प्रश्न सूक्ष्म होतो. गुरुत्वमध्य आसाच्या अर्धा मीटर वर असेल, तर बंडी तिरपी होताच तो मागे झुकतो आणि त्याची क्षितिजसमांतर भुजा घटते. दहास एक अशा चढावर १२ सेंटिमीटरचे सुमारे ७ उरतात. चारास एक अशा चढावर काहीच उरत नाही आणि जुवावर केवळ सांगाड्याचा भार शिल्लक राहतो. उतारावर हीच भुजा वाढून माना दबतात. म्हणून ओंडका जितका खाली बांधता येईल तितका बांधावा. उतारावर सांगाड्याला जोडलेला अडणा चाकावर दाबला, तर मात्र चाके मोकळी राहत नाहीत. अशा वेळी चाकांसह संपूर्ण बंडी एक पदार्थ मानून, चाक जमिनीला टेकते त्या बिंदूभोवती परिबले घेणे सोयीचे.

या पद्धतीची मर्यादा लाकडाच्या आगारातच दिसते. जमिनीची ओल लागू नये म्हणून ओंडका तीन आडव्या लाकडांवर ठेवला, तर अज्ञात प्रतिक्रिया तीन आणि समतोलाची उपयुक्त समीकरणे दोनच. प्रेरणाचित्र कितीही काळजीपूर्वक काढले तरी तिसरे समीकरण त्यातून निघत नाही. ते ओंडक्याच्या वाकण्यातून आणि आधारांच्या दबण्यातून मिळवावे लागते. मधला आधार पावसाने मऊ झालेल्या मातीत पुरेसा खचला, तर त्याची प्रतिक्रिया शून्य होते आणि प्रश्न पुन्हा दोन टेकूंचा होतो.