यात्रेतला बैल सांजेला घेऊ नये

चैत्राचे ऊन कलले, की माणदेशातल्या माणसाचे पाय आपोआप यात्रेकडे वळतात. रब्बीची मळणी आटोपलेली असते. हाताला दोन दिवसांची सवड आणि खिशात चार पैसे असतात. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात खरसुंडीला श्रीसिद्धनाथाची यात्रा भरते, ती खिलार जनावरांसाठी नावाजलेली आहे. मागच्या चैत्रात आम्ही तिघे मित्र तिथे गेलो होतो. एक मी, दुसरे निवृत्त मास्तर आणि तिसरे आमचे अण्णा, डाळिंबाचे बागाईतदार. शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या संध्याकाळची हकीकत मुद्दाम सांगतो आहे. अण्णांच्या जागी उद्या तुम्हीही असाल.

देवदर्शन घेऊन, कपाळाला गुलाल लावून आम्ही पाचच्या सुमारास जनावरांच्या तळावर गेलो. दावणीला पांढरीशुभ्र खोंडे उभी होती. शिंगे मागे वळून वर गेलेली, अंग आटोपशीर, नजर तिखट. खिलार जात उन्हाला, पायपिटीला आणि कमी चाऱ्याला टिकणारी. म्हणून तर या दुष्काळी मुलखाने ती पोटच्या पोरासारखी जपली. कडेला कासरे, वेसणी, घुंगरमाळा आणि झुलींची दुकाने. पलीकडे पाळण्यात पोरे किंचाळत होती. रसाच्या गुऱ्हाळापाशी गर्दी उसळली होती.

मास्तर म्हणाले, "तळ पुन्हा असा फुललेला बघून बरं वाटतं." खरेच होते. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे यात्रा भरल्या नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी रोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, तेव्हा चांगल्या खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक आले.

अण्णा निघताना म्हणाले होते, "नुसतं बघून येऊ." पण एका दावणीपाशी त्यांचे पाय थबकले ते हललेच नाहीत. व्यापारी मुरलेला होता. "चौसा हाय मालक. असं जनावर पुन्यांदा दिसायचं न्हाई," असे म्हणत त्याने खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकला. टॉवेलाखाली अण्णांची बोटे धरली. एक बोट, दोन बोटे, मग मूठ. बघणाऱ्याला आकडा कळत नाही, पण अण्णांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. आतल्या खिशात ठिबकच्या नळ्यांसाठी काढलेले पैसे होते, हेही मला ठाऊक होते.

मी म्हणालो, "जरा दात बघू."

"सायेब, देवाच्या दारात खोटं कोन बोलंल? आन् आता दिवाबत्तीच्या उजेडात दात काय दिसायचं?"

"मग सकाळी बघू," मी म्हणालो.

व्यापाऱ्याने टॉवेल झटकला. अण्णा माझ्यावर रुसले. भेळ खायला बसलो, तरी त्यांनी कागदाला हात लावला नाही. मास्तरांनी हळूच विचारले, "अण्णा, ट्रॅक्टर आहे. बैल कशाला?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "वडिलांची जोडी मी विकली. ट्रॅक्टरच्या पहिल्या हप्त्यासाठी. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. पण गोठ्यातला खुंटा अजून मी उपटलेला नाही."

यावर आम्ही काय बोलणार? त्या रात्री आम्ही तळाजवळच अंथरूण टाकले.

सकाळी उन्हाची तिरीप येताच पुन्हा गेलो. मी बैल कडक जमिनीवर चालवायला लावला. वळताना मागचा डावा पाय तो चोरत होता. तोंड उघडले तर आठही दात आलेले आणि झिजलेले. जनावराला साधारण अडीच वर्षांला पहिले दोन पक्के दात येतात, मग चार, मग सहा, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठ होऊन ते जुळते. पुढे दात झिजू लागतात. चौसा म्हणून सांगितलेला बैल त्याच्या दुप्पट वयाचा होता. अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुकाट्याने मागे फिरले.

घरी पोचलो तर वहिनी दारातच उभ्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "बैल बघून आलात, बरं केलं. पण त्याचं वैरण-पाणी कुणी करायचं, हे कुणी मला विचारलं का?" आम्ही तिघेही खाली बघत राहिलो. मी पायाचे आणि दातांचे सगळे सांगितले होते, हा प्रश्न मात्र मलाही सुचला नव्हता.

तेव्हा बंधूंनो, यात्रेला जरूर जा. पण जनावर दिवसाउजेडी पाहा. दात, खूर, डोळे आणि खांदा तपासा. ते चालवून पाहा, चारा घालून पाहा, रवंथ करते का ते पाहा. कानातला बारा अंकी बिल्ला पाहा आणि लसीकरणाची चौकशी करा. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पी, या लसी झाल्या आहेत का ते विचारा. नवे जनावर घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळे बांधा. लम्पी माशा, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, म्हणून गोठा स्वच्छ ठेवा. आणि ज्या पैशाला आधीच काम ठरले आहे, तो पैसा यात्रेला नेऊ नका.

अण्णांनी ठिबक केले. दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडून वर्षाचे खिलार खोंड आणले. या वेळी ते बघायला वहिनी आधी गेल्या होत्या. परवा मी गेलो तेव्हा खोंड त्याच जुन्या खुंट्याला बांधलेले होते आणि वहिनी त्याला कडबा टाकत होत्या. अण्णा नुसते उभे राहून बघत होते.