पेटीबंद माल आणि मोकळा रूळ

मूर्तिजापूर स्थानकावर ज्यांनीं पूर्वीं गाडी बदलली असेल, त्यांना तेथील अरुंद रुळांची गाडी आठवत असेल. यवतमाळकडील कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठीं किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो मार्ग घातला. रूळ खाजगी कंपनीचे, गाड्या चालविणार मात्र प्रथम जी. आय. पी. रेल्वे व पुढें मध्य रेल्वे, असा तो विलक्षण संसार होता. त्या गाड्या आतां बंद पडल्या आहेत. परंतु शंभर वर्षांनंतर, २००६ मध्यें, कंटेनरच्या वाहतुकीसाठीं आपल्या सरकारनें याच्या नेमकी उलट व्यवस्था स्वीकारली. रूळ आणि इंजिन सरकारचें, वाघिणी खाजगी! वऱ्हाडच्या कापसाला तिचा कितपत उपयोग, हें आज पाहावयाचें आहे.

मूर्तिजापुरास हमालांना गासड्या लहान वाघिणींतून उतरवून मोठ्या वाघिणींत भराव्या लागत, आणि बंदरावर पुन्हां तोच खटाटोप. कंटेनरनें हा खटाटोप टाळला. पोलादी पेटी कारखान्यांत भरून मोहोरबंद केली, कीं मालमोटार, आगगाडी आणि जहाज यांवर पेटीच उचलून ठेवावयाची. आंतील मालास कोणी हात लावावयाचा नाहीं. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत ‘आयडियल एक्स’ हें जहाज अशा ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालें. ही योजना ज्याची, तो मॅल्कम मॅक्लीन दर्यावर्दी नव्हता. मालमोटारींचा मालक होता.

आपल्याकडे या कामासाठीं १९८८ मध्यें भारतीय कंटेनर निगम, म्हणजे ‘कॉन्कॉर’, ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि १९८९ मध्यें न्हावाशेवा बंदर सुरू झालें. पुढें सतरा वर्षें रुळांवरील पेट्यांचा धंदा बहुतेक तिच्याच हातीं होता. २००६ च्या धोरणानें दार उघडलें. सामान्य मार्गांसाठीं १० कोटि रुपये, न्हावाशेवा ते दिल्ली परिसर या किफायतशीर मार्गासाठीं ५० कोटि रुपये भरावेत आणि वीस वर्षांचा परवाना घ्यावा. वाघिणी स्वतःच्या विकत घ्याव्यात, माल चढविण्या-उतरविण्याचीं आगारें बांधावींत, गिऱ्हाइकाशीं दर स्वतः ठरवावा. सुमारें पंधरा चालक पुढें आले.

मग अडले कोठें? गाडी ओढणार रेल्वे, ओढण्याचें भाडें ठरविणार रेल्वे, मार्ग देणार रेल्वे. आणि सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी जो कॉन्कॉर, त्याचे बहुसंख्य भाग केंद्र सरकारचे व कारभार रेल्वे मंत्रालयाखालीं. शिवाय कोळसा व खनिजें, म्हणजे रेल्वेच्या मिळकतीचा कणाच, पेट्यांतून नेण्यास मनाई! कांहीं चालकांनीं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २०१२ मध्यें आयोगानें ती अमान्य केली. कायद्याचा निकाल मान्य करूनहि मला असें वाटतें कीं, ज्याच्याशीं स्पर्धा करावयाची त्याच्याच घरच्या काट्यावर माल तोलून घेण्याचा हा प्रकार आहे.

आतां अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंग कारखानदाराकडे पाहूं. पेट्यांच्या पूर्ण गाडीला ४५ वाघिणी असतात व तिच्यावर वीस फुटी ९० पेट्या बसतात. कापसाची गासडी सुमारें १७० किलोंची; परंतु एकटा कारखाना आठवड्याला ९० पेट्या भरील ही आशाच नको. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्यापर्यंत ओसरतो. शिवाय येथें येणारी पेटी रिकामी आली, तर तिच्या येण्याचें भाडेंहि गासडीच्याच माथीं बसतें. मुंबई येथून रुळानें सुमारें ५८० किलोमीटर. आणि मालमोटार तर राष्ट्रीय महामार्गावरून थेट कारखान्याच्या फाटकाशीं येऊन उभी राहते. दादरी ते न्हावाशेवा असा मालगाड्यांचा जो स्वतंत्र लोहमार्ग योजला गेला, तो राजस्थान-गुजराथेंतून जातो. वऱ्हाड त्याच्या वाटेवर नाहीं.

म्हणून परवान्यांची संख्या वाढल्यानें अकोल्याचें काम भागत नाहीं. दहा कारखान्यांच्या पेट्या एकत्र जमतील असें जवळचें आगार, आणि त्यांतील जागा कोणत्याहि चालकाला सारख्या दरानें, या दोन गोष्टी मिळाल्या तरच ती ९० पेट्यांची गाडी भरेल. वाघीण कोणाची, हें कारखानदार विचारीत नाहीं. गाडी कोणत्या वारीं सुटणार, आणि ती उशिरां पोंचून जहाज चुकलें तर बंदरावरचें भाडें कोणी भरावयाचें, एवढेंच तो विचारतो.